घंटी वाजली नाही तर

थंडीच्या दिवसांत आर्वीत कुणाच्याही अंगणात बसा, उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली समोर येते आणि जिनिंगकडून उडत आलेला रुईचा एखादा तंतू चहावर येऊन बसतो. यंदा मामाच्या अंगणात याशिवाय आणखी एक गोष्ट होती. पेरूच्या फांदीला सलाईनची बाटली टांगली होती, तिच्यावर भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा ताणकाटा होता, आणि काट्याच्या पाठीला टॉर्चचे दोन सेल चिकटपट्टीनं बांधलेले.

मामा चाळीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होता. डबल रोलर जिनच्या सुऱ्यांचं सेटिंग लोक गेज लावून करतात, मामा आवाजावरून करायचा. मशीन चालू असताना डोळे मिटून उभा राहायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्या नंबरची सुरी घासून राहिली." उघडून पाहिलं की तिसरीच निघायची. आता पुलगावच्या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या जुन्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं एक लेथ आहे. पंपाचे शाफ्ट, डवऱ्याच्या पासा आणि काय काय तिथे दुरुस्त होतं.

त्या दिवशी पुण्याहून ताई आली होती. ताई म्हणजे माझी मावसबहीण. नागपुरात इंजिनिअर झाली, पुढं मुंबईत बायोमेडिकल शिकली, आणि आता वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांना सल्ला देते. तिचा धंदा नेमका काय, हे मामाला आजवर कुणी समजावू शकलेलं नाही.

"मले एक सांग बाई," मामानं शेंग सोलत सुरुवात केली, "यंत्र तू बनवत नाही, इकत नाही, दुरुस्त करत नाही. मंग पैसे कायचे घेते?"

"प्रश्न विचारायचे."

मामी आतून खळखळून हसली. मामानं ताईची एका दिवसाची फी विचारली, ती ऐकली, आणि मनातल्या मनात तिचे कापसाचे क्विंटल केले. तोंडानं काही बोलला नाही. शेंगेचं टरफल मात्र जरा जोरात टोपलीबाहेर गेलं.

पेरूला टांगलेली ही सलाईनची घंटी मामानं दोन वर्षांपूर्वी केली. गावातल्या एका लहान खाजगी दवाखान्यात त्याचा शेजारी भरती होता. रात्री लाइट गेली, सलाईन कधी संपलं ते अंधारात कळलं नाही. मामाचं म्हणणं साधं होतं. डोळ्यांना दिसत नसेल तर कानांना कळायला हवं. बाटली हलकी होत जाते तसा काट्याचा आकडा वर सरकतो. ठरलेल्या खुणेवर आला की पत्र्याची पट्टी पट्टीला टेकते, आणि सायकलच्या हॉर्नमधून काढलेली घंटी वाजते. सगळा खर्च दोन किलो संत्र्यांपेक्षा थोडा जास्त. दवाखान्यानं अशा चार घेतल्या. आता वर्ध्याचा एक माणूस म्हणतो की शंभर बनवून द्या, मी विकतो. म्हणून ताईला बोलावणं गेलं होतं. सल्ला मागायला नव्हे हं, मामाच्या शब्दांत "दाखवायले".

ताईनं ती घंटी हातात घेतली, उलटसुलट केली, पट्टीवर बोट ठेवून पाहिलं. मग विचारलं, "सेल संपले तर?"

"सेल संपले त वाजत नाही."

"म्हणजे घंटी गप्प आहे याचे अर्थ दोन. सलाईन अजून बाकी आहे, किंवा सेल संपलेत. उशाशी बसलेल्या माणसाला यातलं कोणतं, ते कसं कळणार?"

मामा म्हणाला, "थो काय आंधळा हाये का? बाटली पाहीन न."

"बाटली पाहणार असेल तर घंटी कशाला केली?"

इथे मी मामाकडे पाहिलं. चाळीस वर्षं मशीनचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला शांतता ऐकायची सवय नसते. त्याच्या धंद्यात शांत म्हणजे बंद, आणि बंद म्हणजे कळतंच. ताईच्या धंद्यात शांततेचीच भीती असते.

मामा मात्र सहजी हटणारा नव्हे. त्यानं जिनिंगमधली जुनी गोष्ट काढली. एका मालकाच्या कारखान्यात एक मशीन थरथरायचं. मामानं सांगितलं, पाया पोचट आहे, खालची माती काळी आहे, पावसात फुगते अन् उन्हाळ्यात फाटते. मालकानं हूं केलं. मग बाहेरगावाहून सल्लागार आणला. त्यानं दोन दिवस मशीनला तारा चिकटवल्या आणि चाळीस पानांचा रिपोर्ट पाठवला. चाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की पाया कमकुवत आहे.

"मी सांगतलं त्याची किंमत एक चहा," मामा म्हणाला, "थ्यानं सांगतलं त्याची किंमत त्या मालकाले आजही आठवते. तुमचा सल्ला म्हंजे आमचंच बोलनं, टाय लावून."

ताईनं हे नाकारलं नाही, याचं मला बरं वाटलं. ती म्हणाली, "मामा, मालकानं चाळीस पानांचे पैसे दिले ते पाया कमकुवत आहे हे कळायला नाही दिले. ते त्याला तुमच्याकडून कळलंच होतं. पाया खोदायचा खर्च त्याच्या भावाला पटवायला दिले. कागद विश्वास न ठेवणाऱ्यासाठी असतो."

"अन् माह्या घंटीवर कोन विश्वास ठेवून नाही राहिलं?"

"सरकार."

मग तिनं कायद्याचं सांगितलं. ते मी थोडक्यात लिहितो, कारण मामानंही ते थोडक्यातच ऐकलं. आपल्याकडे पूर्वी मोजक्याच वैद्यकीय उपकरणांवर सरकारची नजर होती. २०१७ साली वैद्यकीय उपकरणांचे वेगळे नियम आले, आणि ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून जवळजवळ सगळी उपकरणं औषधाच्या व्याख्येत बसवली. धोक्याप्रमाणे चार वर्ग आहेत, ए ते डी. बनवायचा परवाना ए आणि बी वर्गाला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून, सी आणि डी वर्गाला दिल्लीच्या केंद्रीय संस्थेकडून मिळतो.

"माही घंटी औषध हाये?" मामानं मामीला हाक मारली. "ऐकलं का वो, मी औषध बनवून राहिलो!"

हसू येण्यासारखंच आहे. पण शंभर घंट्या विकायला निघालेला माणूस आणि शेजाऱ्यासाठी एक घंटी करणारा माणूस यांत कायद्यानं फरक करावा, हे मला तरी चुकीचं वाटत नाही. शेजाऱ्याच्या उशाशी मामा स्वतः असतो. शंभरावी घंटी कुण्या तालुक्यात कुणाच्या उशाशी टांगली जाईल, ते त्याला कधीच कळणार नाही. जिथे बनवणारा हजर नाही, तिथे त्याच्या जागी काहीतरी हजर असावं लागतं. ताईचं म्हणणं की ते काहीतरी म्हणजे फाइल.

"फाइल!" मामानं हा शब्द असा उच्चारला की जणू तो चुलीत घालायचा. "फाइलीनं कोनाचं सलाईन थांबलं?"

इथे ताईनं स्वतःच्याच धंद्याचं एक पाप कबूल केलं. एका उपकरणाची धोका-तपासणीची फाइल तिच्याकडे आली होती. दुसऱ्या एका सल्लागारानं केलेली, जाडजूड, शिक्क्यांसकट. वाचता वाचता तिला मधल्या पानावर भलत्याच यंत्राचं नाव दिसलं. आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल घेऊन नाव बदललं होतं, एका ठिकाणी बदलायचं राहिलं. म्हणजे त्या यंत्रापासून कुणाला काय इजा होईल याचा विचार कुणी केलाच नव्हता. विचार झाल्याचा पुरावा मात्र होता.

"पाय बरं," मामा म्हणाला. "हेच सांगून राहिलो मी."

"हो, आणि म्हणूनच चांगला सल्लागार हवा."

"चोर हाये म्हनून पोलीस पाह्यजे, अन् पोलीस चोर निघाला म्हनून मोठा पोलीस. कुठी थांबते हे?"

या प्रश्नाला ताईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मग गाडी गांधीजींवर गेली. वर्धा जिल्ह्यात कोणताही वाद तासभर चालला की तो तिकडे जातोच, त्याला इलाज नाही. मामा लहानपणी वडिलांबरोबर वर्ध्याला मगनवाडीत गेला होता. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय तिथे आहे, आणि तिथले चरखे पाहून तो तासभर हलला नव्हता. त्याचं म्हणणं, चरख्याला कोणत्या सल्लागारानं हात लावला होता? खेड्यातल्या सुतारानं केला आणि खेड्यातल्या बाईनं चालवला.

ताईला हाच धागा हवा होता. तिनं १९२९ ची गोष्ट सांगितली. अखिल भारतीय चरखा संघानं सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळचे एक लाख. बक्षिसाच्या अटी अशा होत्या. चरखा हलका असावा, उचलून नेता यावा. साध्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालावा. बाईला फार न दमता आठ तास सलग काम करता यावं. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकावा, आणि झिजलेले भाग बदलायचा खर्च वर्षाला किमतीच्या शेकडा पाचाच्या आत असावा.

"मामा, मी कंपन्यांकडून पहिल्या महिन्यात जो कागद लिहून घेते, तो हाच. कोण वापरणार, कुठे, किती तास, किती थकून, बिघडलं तर काय, किती खर्चात. पुण्यातल्या पोरांना हे लिहायला सांगितलं की तोंडं वाकडी करतात. त्यांना थेट सर्किट काढायचं असतं."

"मंग कोनाले भेटलं थे बक्षीस?"

"कुणालाच नाही. किर्लोस्करवाडीच्या काळ्यांनी एक यंत्र करून पाहिलं होतं, ते कसोटीला उतरलं नाही."

मामा एकदम खूश झाला. "म्हंजे कागद एवढा चांगला की त्यात बसनारं यंत्रच नाही निघालं!"

मला मात्र त्या अटींमधला 'फार न दमता' हा भाग कधीचा आवडत आलाय. लाख रुपयांच्या बक्षिसाच्या जाहिरातीत बाईच्या दमण्याचा हिशोब होता. आजच्या किती यंत्रांच्या कागदात नर्सच्या दमण्याचा हिशोब असतो? रात्रपाळीत तीस खाटांना एक नर्स असते, आणि प्रत्येक यंत्र आपापल्या सुरात ओरडत असतं. कोणतं कशासाठी ओरडतंय ते ओळखेपर्यंत तिची पहाट होते. मामाची घंटी वॉर्डात आली तर ती आणखी एक आवाज होईल. हे मी बोललो, तर दोघांनीही माझ्याकडे पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं.

पुढचं उदाहरण दोघांनीही आपापल्या बाजूचं म्हणून ओढलं. ते म्हणजे गडचिरोलीचं. डॉ. अभय बंग आपल्याच वर्ध्याचे. १९८६ साली ते आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था घेऊन उभे राहिले. तिथे लहान लेकरं न्यूमोनियानं दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची साधी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ, त्याहून मोठ्याचे पन्नास किंवा जास्त श्वास झाले की धोका. पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं, आणि घड्याळही नव्हतं. म्हणून एक श्वासमोजणी यंत्र झालं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर हात गेला की न्यूमोनिया समजायचा.

मामा म्हणाला, "पाय! तार, मनी अन् वाळू. हे माह्या लेथवर बनते."

ताई म्हणाली, "बनतं. पण मणी किती ओवायचे, हे लेथवर कळत नाही. पन्नास आणि साठ हे आकडे कितीतरी लेकरांचे श्वास मोजून आलेत. आणि मणी दहा-दहानं का सरकवायचे, हे दाईशेजारी बसून कळलं. इथे सल्लागार कोण होतं सांगू? ती दाई."

"थिले फी देल्ली का कोनी?"

ताई हसली, पण उत्तर द्यायला तिला वेळ लागला. मला वाटतं, सगळ्या वादात मामानं मारलेला हा सगळ्यात खोल घाव. जिला फक्त दहापर्यंत मोजता येतं, तिचं ते दहापर्यंत मोजणंच यंत्राचा पाया ठरतं. पण तज्ज्ञांच्या यादीत तिचं नाव कुणी घालत नाही. तिचं मत 'वापरणाऱ्याची गरज' या मथळ्याखाली जातं, आणि सही दुसऱ्याची होते.

मामानं मग जयपूर पायाचं काढलं. आपल्या भागातही जयपूर पायाची शिबिरं होतात, त्यामुळे ते त्याला माहीत होतं. जयपूरच्या सरकारी दवाखान्यातले कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा असा पाय केला की माणूस उकिडवा बसू शकेल आणि चिखलात, अनवाणी चालू शकेल. जग मात्र बराच काळ डॉक्टरचंच नाव घेत राहिलं. मामाला कारागिराचं नाव आवर्जून ठाऊक होतं, "मास्टरजी" म्हणून. ताई म्हणाली, "बरोबर. पण मास्टरजीही एकटे नव्हते." मामा म्हणाला, "मी कुठी एकटा हाये? तू हाये न." हे तो चुकून बोलून गेला, आणि लगेच दुसरी शेंग उचलली.

ताईनं मग त्याला तिरुवनंतपुरमची गोष्ट सांगितली. श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांनी भारतीय हृदयझडप करायला घेतली. हृदयाची झडप दिवसाला साधारण एक लाख वेळा उघडते आणि मिटते, एकदाही अडखळून चालत नाही. पहिले तीन नमुने माणसाच्या छातीत जाण्याआधीच फसले, चौथा टिकला. ६ डिसेंबर १९९० ला ती झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली. पुढं ती लाखाच्या वर लोकांच्या छातीत गेली.

तिला सांगायचं होतं की चाचणी म्हणजे काय असतं. मामानं वेगळंच ऐकलं.

"म्हंजे त्याले तीन डाव चुकू देल्लं. पगार चालू, खोली चालू, मानसं हाताखाली. मले कोन चुकू देईन? माही एक घंटी चुकली त वर्धेवाला परत फोन नाही करनार."

ताई यावर गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली की मुंबई आयआयटीत २०१४ पासून बेटिक म्हणून केंद्र आहे, नागपूरचं व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपी त्यात आहेत. डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसतात. राज्य सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगानं त्याला पैसा दिला. स्टेथोस्कोपला जोडायचं यंत्र, मधुमेहींचे पाय तपासायचं यंत्र, असं बरंच तिथून निघालंय. नागपूर काही लांब नाही.

"नागपूर लांब नाही," मामा म्हणाला. "टेबल लांब हाये."

मामी चहा घेऊन आली आणि तिनं यवतमाळचं नाव काढलं. २०१७ चा खरीप. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, ऊन, आणि फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. मामीच्या माहेरच्या गावातले दोघं तेव्हा दवाखान्यात होते. ती म्हणाली, "त्या बाटलीवर त लिवलं होतं सारं. हातमोजे घाला, तोंडाले बांधा, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं फवारू नका. कोन घालते ऑक्टोबरच्या उन्हात रबरी मोजे?"

ताईनं कप खाली ठेवला. म्हणाली, "हे आमच्याच लोकांनी लिहिलेलं असतं, मामी. एसीत बसून. 'वापरणारा सूचना पाळेल' असं गृहीत धरलं की फाइल लवकर संपते." आणि मग ती पुणेरी सोडून एकदम आर्वीचं बोलली, "मले बी हेच खुपते."

आता मूळ गोष्ट. ताईनं मामाला विचारलं होतं, घंटी कोणत्या वजनावर वाजते? मामानं सांगितलं, सुमारे ऐंशी ग्रॅमवर. प्लॅस्टिकची रिकामी बाटली तीसेक ग्रॅमची, म्हणजे पन्नासेक मिली उरलेलं असताना वाजते आणि नर्सला यायला वेळ मिळतो. हिशोब चोख.

"काचेची बाटली टांगली तर?"

मामा थांबला. शेंग हातातच राहिली.

मामीच्या किराण्याच्या काट्यावर आम्ही पाहिलं. काही औषधं येतात तशी शंभर मिलीची काचेची बाटली रिकामी असताना शंभरावर भरली. ती पूर्ण कोरडी झाली तरी ऐंशीच्या खुणेपर्यंत काटा येणारच नाही. घंटी कधीच वाजणार नाही.

"झालं होतं असं," मामा म्हणाला. आवाज खाली गेला होता. "एक डाव."

मागच्या वर्षी, त्याच दवाखान्यात. म्हाताऱ्या बाईला काचेच्या बाटलीतून औषध चालू होतं. पोरगा तीन रात्री जागलेला. त्यानं घंटी पाहिली, निवांत झाला आणि झोपला. बाटली संपली, घंटी गप्प. नळीत रक्त मागं चढलं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नर्सला उठवलं. सुई बदलावी लागली, बाकी काही झालं नाही. मामा दुसऱ्या दिवशी गेला, दुसरी खूण कोरली, एक प्लॅस्टिकसाठी, एक काचेसाठी, आणि नर्सला समजावून आला.

"आधी घंटी नव्हती तेव्हा तो पोरगा काय करायचा?" ताईनं विचारलं.

"जागा राहायचा."

ती पुढं काही बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. घंटी नसताना तो जागा होता. घंटीनं त्याला झोपवलं.

मामा मग एकामागून एक सांगत गेला. सलाईनचे थेंब स्प्रिंगवर पडतात. मीठ ते, पहिली साधी स्प्रिंग दोन महिन्यांत गंजून अडकायला लागली. स्टेनलेसची घातली तर तिचा ताण वेगळा, सगळ्या खुणा नव्यानं कोराव्या लागल्या. पट्टीत रुई अडकते, म्हणून वर पत्र्याचं छप्पर केलं. एका घंटीच्या डबीत मुंग्यांनी घर केलं, कारण कुणीतरी ग्लुकोज सांडलं होतं. हे सगळं दोन वर्षांत त्यानं एकट्यानं पाहिलं, निस्तरलं आणि विसरला.

ताई वेड्यासारखी लिहून घेत होती. "हे कुठे लिहून ठेवलंय?"

"कायले लिहू? दुरुस्त केलं न."

इथे त्या दोघांचं भांडण मला पहिल्यांदा नीट दिसलं. ताई हुशार आहे आणि मामा अनुभवी, असं काही ते नाही. ताईच्या डोक्यात जे आहे, ते इतरांच्या चुकांचं टिपण आहे. कुठल्या देशात, कुठल्या वॉर्डात, काय तुटलं आणि कुणाला लागलं, हे कुणीतरी लिहिलं म्हणून ते प्रश्न होऊन तिच्यापर्यंत आलं. काचेच्या बाटलीचा प्रश्न तिला सुचला तो अशाच टिपणांच्या सवयीनं. मुंग्यांचा मात्र सुचला नसता. मीठ आणि गंज कदाचित सुचला असता, जिनिंगची रुई कधीच नाही. कारण आर्वीतल्या चुका आर्वीत दुरुस्त होतात आणि तिथेच मातीत जातात. आपल्याकडे उपकरणांच्या तक्रारी गोळा करायची राष्ट्रीय योजना २०१५ पासून आहे, गाझियाबादच्या संस्थेत. नर्स, डॉक्टर, रुग्ण, कुणीही कळवू शकतो. त्या रात्रीचं कुणी कळवलं होतं का? नळीत रक्त चढलं, सुई बदलली, सकाळ झाली.

"तुम्ही हे नाही लिहिलंत मामा, तर हिंगणघाटात, नाहीतर वरुडात दुसरा कुणी मामा अशीच घंटी करेल, आणि तीच काचेची बाटली टांगेल."

"अन् मी लिवलं त तू थे पुन्याले नेशीन, अन् फी लावून त्याले विकशीन."

"नेईन. तुमच्या नावानं."

"नावाचं काय लोनचं घालू?"

अंधार पडत आला होता. मामा उठला. म्हणाला, चल, चालू करून दाखवतो, नुसत्या बोलण्यानं काय होतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरलं, नळीची चकती पूर्ण उघडली, खाली बादली ठेवली. थेंबांची धार लागली. मामा अंगणातल्या खाटेवर बसला, डोळे मिटून, जिनिंगमध्ये बसायचा तसा. ताई पेरूजवळ उभी राहून काहीतरी न्याहाळत होती. तिचा हात काट्याच्या मागे गेल्याचं मी पाहिलं. बोललो नाही.

पाणी कमी होत गेलं. काटा सरकला. बाटली चिपाडासारखी आत ओढली गेली. दूर कुठेतरी कापसाचा ट्रॅक्टर गेला.

"वाजली," मामा डोळे न उघडता म्हणाला.

कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. मी मामीकडे पाहिलं, मामीनं मान हलवली.

"पट्टी टेकली. कट्ट आवाज आला." मामानं डोळे उघडले. "घंटी नाही वाजली, कारन तू सेल काढला. दे इकडं."

ताईनं मूठ उघडली. सेल तिच्या तळहातावर होता. ती हरली असं मला क्षणभर वाटलं.

"तुम्हाला ऐकू आलं मामा," ती म्हणाली. "त्या बाईच्या पोराला आलं असतं?"

बादलीत शेवटचे थेंब पडत होते. मामा बराच वेळ त्या बाटलीकडे पाहत राहिला. मग तो आत गेला, फळीवरून जिनिंगच्या काळातलं एक जुनं बिलबुक काढून आणलं, झटकून रुई उडवली, कोरं पान पाहिलं आणि माझ्याकडे पेन मागितला.

"तारीख काय हाये रे आज?"